शनिवार रात्र ते सोमवार सकाळ : बाझी डॉट कॉमचं प्रकरण

27 नोव्हेंबर 2004, शनिवार. रात्री साडेआठच्या सुमारास बाझी डॉट कॉम या लिलावाच्या संकेतस्थळावर एक नवी वस्तू विक्रीला लागली. विभाग 'पुस्तके आणि मासिके', पोटविभाग 'ई-पुस्तके'. पुस्तकाशी तिचा काही संबंध नव्हता. दोन शाळकरी मुलांची मोबाइलवर घेतलेली एक अश्लील चित्रफीत तेव्हा दिल्लीत या फोनवरून त्या फोनवर फिरत होती. अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ती 125 रुपयांना विकायला काढली. पैसे संकेतस्थळामार्फत भरायचे आणि चित्रफीत विक्रेत्याने ईमेलने पाठवायची, अशी सोय होती. सोमवारी, 29 तारखेला सकाळी दहाच्या सुमारास जाहिरात काढली गेली. मधल्या साडेसदतीस तासांत आठ गिऱ्हाइकांनी ती विकत घेतली होती.

17 डिसेंबरला, शुक्रवारी, दिल्ली पोलिसांनी कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक केली.

मी इंदूरला वकिली करतो. खंडपीठासमोरच्या कामाच्या जोडीला छोट्या व्यापाऱ्यांचे करार आणि नोटिसा हेही माझं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर भागातली बरीच मराठी घरं इंटरनेटवर विक्री करू लागली आहेत. कोणी साड्या विकतं, कोणी दिवाळीचा फराळ, कोणी पूजेचं साहित्य. त्यातली काही मंडळी आता दुसऱ्यांचा मालही आपल्या संकेतस्थळावर लावतात. अशा प्रत्येकाला मी हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. कारण माझं ठाम मत आहे की, दुसऱ्याचा माल मांडू देणाऱ्याने भांडवल आणि जाहिरात यांच्याही आधी एक गोष्ट ठरवायला हवी : शनिवारी रात्री तक्रार आली तर ती कोण वाचणार, आणि वाचणाऱ्याला ती वस्तू तिथल्या तिथे उतरवण्याचा अधिकार असणार की नाही.

आधी माणूस समजून घेऊ. बजाज आयआयटी कानपूरचे, पुढे हार्वर्डला व्यवस्थापन शिकलेले. तिथलेच त्यांचे सहाध्यायी सुवीर सुजान यांच्याबरोबर 2000 साली त्यांनी बाझी सुरू केली. प्रेरणा उघड होती. अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी 1995 मध्ये सुरू केलेला लिलावाचा प्रयोग पुढे 'ईबे' म्हणून जगभर पसरला होता. कंपनी स्वतः काहीच विकत नाही. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देते आणि झालेल्या व्यवहारावर आपली दलाली घेते. ना गोदाम, ना मालात अडकलेला पैसा.

पण भारतात 2000 साली हे करणं म्हणजे काय होतं, ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. घरोघरी मोडेमची किरकिर, क्रेडिट कार्ड थोड्यांकडेच, यूपीआय यायला अजून सोळा वर्षं होती. न पाहिलेल्या माणसाला आधी पैसे पाठवायचे, हेच मुळात लोकांच्या पचनी पडत नव्हतं. त्याच साली डॉट कॉमचा फुगा फुटला आणि अशा असंख्य कंपन्यांना टाळं लागलं. बाझी मात्र टिकली, एवढंच नाही तर वाढली. जून 2004 मध्ये ईबेने ती साधारण 5 कोटी डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं तेव्हा तिच्याकडे नोंदलेले सभासद दहा लाखांवर गेले होते. त्या काळातल्या भारतीय इंटरनेट कंपन्यांत हा मोठा सौदा मानला गेला. ऑगस्टमध्ये व्यवहार पूर्ण झाला. बजाज नव्या मालकाकडे प्रमुख म्हणून राहिले आणि चार महिन्यांत तुरुंगात गेले.

आता त्या साडेसदतीस तासांकडे येऊ, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे.

त्या शनिवारी रात्रीच एका सभासदाची ईमेलने तक्रार आली होती : अशी अशी वस्तू तुमच्याकडे विकली जाते आहे. तक्रारींसाठी कंपनीत व्यवस्था होती, माणसं होती, आक्षेपार्ह शब्द पकडणारी गाळणीही होती. एवढं असून जाहिरात रविवारभर तशीच राहिली. गाळणी का फसली? विक्रेत्याने वस्तू ई-पुस्तकांत टाकली होती, तिथे अशा मालाची कोणाला शंका यावी? पण जाहिरातीचा मजकूर वाचणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाला आत काय आहे ते एका नजरेत कळलं असतं. शब्द इतके उघड होते. पुढे न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं.

लोक मला इथे हटकून एक प्रश्न विचारतात : अहो, चित्रफीत बजाज यांनी काढली नाही, विकली नाही, त्यांच्या संकेतस्थळावर ती दिसतही नव्हती, मग अटक कशी? उत्तर त्या वेळच्या कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधलं कलम 67 अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला लागू होतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. कलम 85 म्हणतं की, गुन्हा कंपनीने केला असेल तर त्या वेळी कंपनीचा कारभार ज्याच्या हाती होता तोही दोषी धरला जाईल. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण सगळी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. आणि मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर नुसता वाहून नेणाऱ्या चालकाला, संरक्षण देणारं कलम 79 तेव्हाही होतं, पण तेही अशाच अटीवर : माहिती नव्हती किंवा योग्य ती दक्षता घेतली होती, हे मध्यस्थानेच दाखवायचं. सिद्ध करण्याचं ओझं उद्योजकाच्या डोक्यावर. आणि ते उतरवायला खटला उभा राहावा लागतो. अटक त्याआधी होते.

21 डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला. चित्रफीत संकेतस्थळावर पाहता येत नव्हती आणि बजाज यांनी स्वतः ती प्रसिद्ध केलेली नव्हती, हे मुद्दे न्यायालयाने लक्षात घेतले. बजाज अमेरिकेचे नागरिक असल्याने परवानगीशिवाय देश सोडायचा नाही, ही अट आली. या चार-पाच दिवसांत सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना नॅसकॉम निषेधाला उभी राहिली, अमेरिकेपर्यंत पडसाद उमटले, आणि देशातल्या प्रत्येक इंटरनेट कंपनीच्या मालकाने पहिल्यांदा आपल्या वकिलाला विचारलं की उद्या माझ्या बाबतीत असं झालं तर?

सराफ्याचं उदाहरण मी यासाठी नेहमी देतो, कारण ते इंदूरच्या प्रत्येक माणसाने पाहिलेलं आहे. दिवसा तिथे दागिन्यांची दुकानं. रात्री शटर खाली आलं की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा किस, गराडू, जिलबी यांचे ठेले लागतात. ओटा सराफाचा, धंदा दुसऱ्याचा. गराडू खाऊन कोणाचं पोट बिघडलं म्हणून सराफाला कोणी धरत नाही. पण सराफाला आपल्या ओट्यावर कोण बसतो ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. उद्या कोणी तिथे भलतंच काही विकू लागला तर शेजारचा ठेलेवालाच रात्री फोन करेल, आणि सराफ रातोरात त्याला उठवेल. बाझीच्या ओट्यावर दहा लाख लोक होते, एकाचाही चेहरा माहीत नव्हता. शेजारच्याने फोन मात्र केला होता. तो उचलून ओटा रिकामा करायला सोमवार उजाडला.

खटला पुढे कसा गेला, ते थोडक्यात सांगून चालणार नाही, कारण निकालांचा क्रमच विलक्षण आहे. 29 मे 2008 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला. भारतीय दंड विधानाखालचे आरोप बजाज यांच्यावर टिकत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. कंपनीच आरोपी नसताना तिच्या संचालकाला आपोआप गुन्हेगार ठरवण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा खटला चालू राहील, कारण तिथे कलम 85 आहे. याच निकालात गाळणीबद्दलची ती बाब आहे, जी मी प्रत्येक पक्षकाराला समजावून सांगतो. संकेतस्थळावर असा माल येऊ शकतो हे चालकाला ठाऊक असतं आणि जाहिरातीतले उघड शब्दही पकडू शकेल अशी योग्य गाळणी तो ठेवत नाही, तेव्हा त्या मालाची जाणीव त्याला होती असं धरलं जाण्याचा धोका तो स्वतःच पत्करतो. 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य त्या दिवसापासून पूर्वीइतकं भक्कम राहिलं नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे ते ज्या प्रकरणांबरोबर ऐकलं गेलं, त्यांत एक होतं प्रवास कंपनीच्या न वटलेल्या चेकचं! प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता : कंपनीला आरोपी न करता फक्त तिच्या संचालकावर खटला चालवता येतो का? 27 एप्रिल 2012 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 'नाही' असं उत्तर दिलं. बाझी चालवणारी कंपनी मुळात आरोपीच्या पिंजऱ्यात कधी नव्हतीच, म्हणून बजाज यांच्यावरचा खटला रद्द झाला. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या ज्या व्यापाऱ्याला इंटरनेटच्या कायद्याशी काही देणंघेणं नाही, त्यालाही चेक बाउन्सच्या केसमध्ये आज हाच निकाल उपयोगी पडतो.

कंपनीतला एक व्यवस्थापक मात्र अजून अडकलेला होता. तक्रारी आणि सुरक्षेचं काम त्याच्याकडे होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या आरोपातून तो सुटला, तरी दंड विधानातलं अश्लील मजकुराच्या विक्रीबद्दलचं कलम 292 त्याच्यावर राहिलं. 14 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही मोकळं केलं : इलेक्ट्रॉनिक मजकुराबाबत विशेष कायदा असताना जुना सर्वसाधारण कायदा लावता येणार नाही. एका शनिवार-रविवारची बारा वर्षं झाली. मालकाची सुटका लोकांच्या लक्षात राहते, त्या पगारी माणसाची बारा वर्षं कोणाला आठवत नाहीत. मला हे फार लागतं. पुतण्याला किंवा भाच्याला 'तू फक्त ईमेल बघ रे' म्हणून बसवणाऱ्या प्रत्येक घराने या माणसाचा विचार करायला हवा.

मधल्या काळात कायदा बदलला होता. 2008 चा दुरुस्ती कायदा 27 ऑक्टोबर 2009 पासून अमलात आला आणि कलम 79 नव्याने लिहिलं गेलं. मध्यस्थाने मजकूर स्वतः पाठवला नसेल, कोणाला जावा हे ठरवलं नसेल, त्यात फेरफार केला नसेल आणि दक्षता पाळली असेल तर तो जबाबदार नाही. पण बेकायदा गोष्टीची प्रत्यक्ष माहिती मिळूनही त्याने ती तातडीने हटवली नाही, तर संरक्षण गेलं. 'तातडीने' म्हणजे किती? 2011 च्या नियमांत 36 तासांची मुदत आली. बाझीचे साडेसदतीस तास त्या शेजारी ठेवून पाहा. पुढे श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की, या कलमापुरती 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना. कोणीही उठून ईमेल केली की वस्तू काढलीच पाहिजे, असं नाही. व्यापाऱ्यांना हे ऐकून हायसं वाटतं. पण 2021 च्या नियमांत नग्नता किंवा लैंगिक मजकुराबद्दल खुद्द पीडित व्यक्तीने तक्रार केली तर 24 तासांत तो हटवण्याची जबाबदारी आली (2026 मध्ये ही मुदत आणखी कमी झाली), आणि 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी प्रत्येक ई-कॉमर्स चालकाला तक्रार अधिकारी नेमायला लावला. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची. घड्याळ प्रत्येक नियमात आहे आणि ते रविवारी थांबत नाही.

हे सगळं आपल्या गावात कसं उतरतं, त्याचा एक नमुना. रामबागेत माहेर आणि सुदामानगरात सासर असलेल्या एक ताई महेश्वरी साड्यांचं संकेतस्थळ चालवतात. स्वतःच्या साड्यांबरोबर त्यांनी बाहेरच्या काही विक्रेत्यांनाही जागा दिली. दिवाळीच्या तोंडावर, शनिवारी संध्याकाळी, पुण्याच्या एका बाईंची ईमेल आली : हातमागाची म्हणून घेतलेली साडी यंत्रमागाची निघाली. सोबत काठाचा अगदी जवळून काढलेला फोटो. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांनी किनारीलगत बारीक टोचल्याच्या खुणा राहतात. फोटोत किनार सरळसोट, एकही टोचा नाही. ताईंना बघताक्षणी कळलं असतं, त्यांचं अर्धं आयुष्य महेश्वरीच्या सुतात गेलं आहे. पण ईमेलचा खातेदार भाचा, आणि तो उज्जैनला लग्नाला गेलेला. सोमवारी दुपारी पत्र उघडलं तोवर त्याच विक्रेत्याच्या आणखी साड्या गेल्या होत्या.

"दादा, मी तर फक्त जागा दिली होती ना?" ताईंनी मला विचारलं.

"ताई, फोटो कोणी काढले होते? पाकिटावर नाव कोणाचं होतं?"

फोटो त्यांच्या घरच्या गच्चीवर काढलेले, पाकिटावर त्यांचा शिक्का, आणि साडीखाली 'आमच्या विणकरांकडून' ही ओळ सगळ्याच मालाला सरसकट लावलेली. इथे बाझीपेक्षा त्यांची बाजू कमकुवत होती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. बाझीने त्या चित्रफितीला हातसुद्धा लावला नव्हता. चालक मालाचे फोटो काढतो, पॅकिंग करतो, त्याच्या अस्सलपणाची ग्वाही देतो, तेव्हा तो नुसता जागा देणारा उरतो का, यावर दिल्ली उच्च न्यायालयातच दोन मतं पडली आहेत. 2018 मध्ये एका परदेशी बूट कंपनीच्या दाव्यात एकल न्यायमूर्तींनी असा सक्रिय चालक संरक्षणाला मुकू शकतो असं म्हटलं. जानेवारी 2020 मध्ये ॲमवे प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सक्रिय-निष्क्रिय हा भेद कायद्यात नाही असं सांगितलं. ग्राहकाला फसवलं की नाही, हा प्रश्न तर या कलमाच्याही पलीकडचा. इंदूरच्या एका घरगुती धंद्याने या वादाच्या भरवशावर राहू नये.

त्यांनी साड्या परत घेतल्या, पैसे दिले, विक्रेत्याला काढलं. त्यानंतर जे बदललं ते मला जास्त मोलाचं वाटतं. तक्रारीची ईमेल आता दोन फोनवर वाजते, ताईंच्या आणि सासूबाईंच्या. सासूबाई बहात्तरीच्या, पण कापड त्यांच्याइतकं घरात कोणाला कळत नाही. शंका आली की कोणाला न विचारता वस्तू झाकून ठेवायचा अधिकार त्यांना लेखी दिला आहे. झाकलेली वस्तू पुन्हा उघडता येते, पण विकली गेलेली परत आणायला कुरियर लागतं, माफी लागते आणि कधी कधी वकील लागतो. आलेली तक्रार, वेळ आणि केलेली कृती एका साध्या वहीत नोंदली जाते. उद्या दक्षता सिद्ध करायची वेळ आली तर न्यायालयासमोर हीच वही ठेवायची आहे. आणि माल कुठल्याही विभागात टाकला तरी तो एकदा माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय दिसू लागत नाही, कारण बाझीच्या विक्रेत्याने ई-पुस्तकांचा विभाग उगाच निवडला नव्हता.

बजाज आणि सुजान या दोघांचंही पुढे काय झालं, हे तरुण मुलं आवर्जून विचारतात. दोघांनी ईबे सोडली आणि 2006 मध्ये दोघेही गुंतवणूकदार झाले : बजाज यांनी मॅट्रिक्स पार्टनर्स इंडिया उभी केली, सुजान नेक्सस व्हेंचर पार्टनर्सच्या संस्थापकांत होते. मॅट्रिक्सने पैसे घातलेल्या कंपन्यांत ओला आणि क्विकर आहेत. क्विकर म्हणजे पुन्हा तेच, अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना वस्तू विकण्याची जागा. ज्याला त्या जागेपायी तुरुंग पाहावा लागला त्याच माणसाने तशाच जागेवर पुन्हा पैसे लावावेत, यातून त्याचा त्या कल्पनेवरचा विश्वास दिसतो, असं मी मानतो. बाझीचं नाव ईबे इंडिया झालं होतं. 2017 मध्ये ते संकेतस्थळ फ्लिपकार्टकडे गेलं आणि पुढच्या वर्षी, 14 ऑगस्ट 2018 ला, बंद झालं.

एक गोष्ट मात्र कायमची अनिर्णित राहिली. बजाज सुटले ते कंपनी आरोपी नव्हती म्हणून, व्यवस्थापक सुटला तो विशेष कायदा लागू होता म्हणून. खटला पुरावा आणि साक्षींपर्यंत पोचलाच नाही. त्यामुळे शनिवारी रात्री आलेल्या तक्रारीवर सोमवारी सकाळी केलेली कारवाई ही पुरेशी दक्षता होती की नव्हती, याचा निकाल एकाही न्यायालयाने दिलेला नाही.